देवाच्या जागी ठेवलेल्या चांगल्या वस्तू: मराठी मंडळ्यांचे पाळक आणि पास्टोरेट कमिट्या यांना खुले पत्र

आदरणीय पाळकवर्ग आणि पास्टोरेट (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या) कमिट्यांचे सर्व सभासद यांस,

जय ख्रिस्त.

हे पत्र एखाद्या विशिष्ट मंडळीच्या (चर्चच्या) किंवा पाळकाच्या विरोधात लिहिलेले नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली जुनी मंडळी असो, पुण्या-मुंबईतली मोठी पास्टोरेट असो की भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी नवी फेलोशिप असो, मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये गेली काही वर्षे एकच गोष्ट थोड्याफार फरकाने दिसते आहे. वार्षिक सभेत तिच्यावर बोलण्याइतका वेळ कधी उरत नाही, म्हणून ती उघडपणे लिहिते आहे. वसईच्या कॅथलिक बंधुभगिनींनी आपल्या धर्मगुरूंना काय लिहावे ते त्यांनीच ठरवावे; मी माझ्या घरापुरते बोलते.

देवाच्या जागी दुसरे काही ठेवू नये, असे आपण पुलपिटवरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, आम्हांला नेहमी सांगता. पण त्या 'दुसऱ्या काही'ची यादी बहुधा ठरलेली असते: दारू, पैशाचा लोभ, मोबाइल, धर्मांतरापूर्वीच्या घरातून मागे राहिलेल्या रूढी. या यादीशी माझे भांडण नाही. परंतु ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या जीवनात देवावर विसंबण्याची जागा ज्या गोष्टी घेतात, त्यांतल्या बहुतेक वाईट नसतात. त्या चांगल्या असतात, काही तर देवानेच दिलेल्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आज मंडळीच्याच टेबलावरून वाटल्या जातात. वाटणारे आपण आहात, म्हणून हे पत्र आपल्याला.

31 डिसेंबरच्या रात्रीचेच घ्या. वॉच नाइटच्या उपासनेत बाराच्या आधी पापकबुलीची प्रार्थना होते, बाराला घंटा वाजते, सगळे एकमेकांचा हात हातात घेतात आणि मग वेदीजवळच्या स्टीलच्या ताटातल्या, गुंडाळून ठेवलेल्या वचनांच्या चिठ्ठ्या उचलायला रांग लागते. त्या वेळी लोकांचे हात पाहावेत. वरची चिठ्ठी सहसा कोणी घेत नाही. बोटे खाली जातात, दोन-तीन चिठ्ठ्या चाचपतात, मग एक बाहेर काढतात, आणि एखादी आई झोपाळलेल्या लेकराच्या नावाने आणखी एक घेते. सकाळी ती चिठ्ठी फ्रिजवर चिकटते, तिचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो आणि पुढे वर्षभर 'आमचे या वर्षाचे वचन' म्हणून तिचा उल्लेख होत राहतो. ताटात यशया 41:10 असते, 91व्या स्तोत्रातली एखादी ओळ असते, यिर्मया 29:11 तर हमखास असते. जो आपला वधस्तंभ घेऊन माझ्यामागे येत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही, हे लूक 14:27 मात्र मला कोणत्याही ताटात आजवर दिसलेले नाही. म्हणजे चिठ्ठी नशिबाने निघते असे आपण म्हणत नाही, देव देतो असे म्हणतो. पण देवाने काय द्यावे याची निवड छापखान्यात मजकूर देतानाच झालेली असते. रस्त्याकडेच्या ज्योतिषाचा पोपट पिंजऱ्याबाहेर येऊन पाकीट उचलतो, आणि आपल्याकडे पोपट नाही, एवढाच फरक उरायला नको.

यिर्मया 29:11 या वचनाचे तर आपण फारच हाल केले आहेत. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे आश्वासन कोणाला आणि कधी दिले गेले, ते त्याच अध्यायात लिहिलेले आहे. नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले ते पत्र आहे. घरे बांधा, बागा लावा, त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे त्यात सांगितले आहे, आणि बाबेलची 70 वर्षे भरल्यावर मी तुमची भेट घेईन, हे त्या प्रसिद्ध वचनाच्या अगदी आदल्या ओळीत आहे. 70 वर्षे म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना यरुशलेम पुन्हा दिसणार नव्हते. त्याच्या आधीच्या 28व्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा भेटतो. दोन वर्षांत सगळे परत येईल, असे तो मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो आणि यिर्मयाच्या मानेवरचे जोखड मोडूनही दाखवतो. ज्याला दोन वर्षांचे ऐकायचे होते त्याच्यासाठी हनन्या होता. आज आपण पाठ्य यिर्मयाचे घेतो आणि उपदेश हनन्याचा करतो. चिठ्ठी ज्याच्या हाती येते तो ती याच वर्षासाठी, याच मुलाच्या व्हिसासाठी, याच मुलीच्या लग्नासाठी घेतो. बाबेलात बाग लावायची तयारी ठेवा, असे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

माझ्या मुद्द्याचे मूळ इथेच आहे. देवाच्या जागी येणारा पर्याय बहुतेक वेळा अविश्वासातून येत नाही, उशिरातून येतो. मोशे सीनाय पर्वतावर 40 दिवस होता. तो खाली यायला विलंब लावतो आहे असे पाहून लोक अहरोनाभोवती जमले. बेइमान व्हावे असा त्यांचा बेत नव्हता. आमच्यापुढे चालेल असे काहीतरी आम्हांला करून दे, एवढेच त्यांचे मागणे होते. आणि सोन्याचे वासरू घडवून झाल्यावर अहरोनाने काय जाहीर केले? उद्या परमेश्वराचा उत्सव आहे. नाव बदललेले नव्हते, वेदी होती, अर्पणेही होती. शौल राजाचे तर आणखी जवळून पाहण्यासारखे आहे. पलिष्टी मिखमाशात तळ ठोकून होते, गिलगालात त्याच्याजवळचे लोक पांगू लागले होते, शमुवेल संदेष्ट्याने नेमून दिलेले सात दिवस भरले होते आणि शमुवेल आला नव्हता. तेव्हा शौलाने होमबली आणवून तो स्वतःच अर्पण केला. अर्पण संपते न संपते तोच शमुवेल येऊन उभा राहिला. शौल मूर्तीकडे गेला नव्हता, जादूटोण्याकडेही नाही (तो प्रकार फार पुढे, एन-दोर येथे). परमेश्वराला ठरवून दिलेले अर्पणच त्याने केले, आणि केले ते वाट पाहणे संपवण्यासाठी. देवाची वाट पाहण्याऐवजी देवाचेच एखादे साधन वापरून मोकळे होणे, हा तो प्रकार. मंडळीच्या टेबलावरून वाटल्या जाणाऱ्या गोष्टींकडे मी याच कसोटीने पाहते: ही गोष्ट माणसाला देवाजवळ थांबायला मदत करते, की थांबण्यापासून सुटका देते?

तेलाच्या बाटल्यांना ही कसोटी लावून पाहा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना) बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे. त्या सूचनेत किती माणसे आहेत ते मोजावे. आजारी माणूस आहे, त्याला स्वतः उठून निरोप पाठवायचा आहे. वडील आहेत, त्यांना त्याच्या घरी जायचे आहे. आणि लगेच पुढे एकमेकांजवळ पापे कबूल करण्याची गोष्ट आहे. तेल या सगळ्यांच्या मधोमध आहे. आता संजीवन सभेच्या (आध्यात्मिक जागृतीसाठी भरवलेल्या सभेच्या) मंडपाबाहेरच्या टेबलाकडे या. बोटाएवढ्या प्लास्टिकच्या बाटलीत तेल असते, वर वचनाचे स्टिकर असते, 'ऐच्छिक अर्पण' असे लिहिलेला डबा शेजारी असतो. ती बाटली घेऊन माणूस घरी जातो आणि परीक्षेला निघालेल्या मुलाच्या कपाळाला, नव्या दुचाकीच्या हँडलला, दुकानाच्या शटरला आणि सासऱ्याच्या गुडघ्याला त्याच बाटलीतून बोट लावतो. वडिलांना बोलवायची गरज उरत नाही, कबुलीची तर नाहीच, आणि खरे सांगायचे तर प्रार्थनेचीही फारशी उरत नाही, कारण प्रार्थना बाटलीत भरून आलेली आहे असा त्याचा समज झालेला असतो.

आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी बाप्तिस्म्याच्या वेळी दंडातले ताईत आणि मनगटावरचे गंडे काढून ठेवले. त्याची किंमत त्यांनी गावात मोजली. पाणवठा तुटला, भावकी तुटली. त्यांच्या नातवंडांच्या हातांत स्टिकर लावलेली बाटली देताना आपल्याला काही वाटायला हवे. हिज्कीया राजाने काय केले ते 2 राजे 18 मध्ये आहे. मोशेने रानात उभारलेला पितळी साप देवाच्या आज्ञेने केलेला होता. त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेली माणसे वाचली, हे गणना 21 सांगते. आणि योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने आपल्या वधस्तंभाविषयी बोलताना त्याच सापाचा दाखला दिला. एवढ्या मोठ्या वस्तूचे तुकडे हिज्कीयाने केले, कारण इस्राएल लोक तोवर तिच्यापुढे धूप जाळू लागले होते. ती खोटी आहे असे त्याने म्हटले नाही. एकेकाळी देवाने वापरलेली वस्तू आता देवाच्या आड आली, एवढे कारण त्याला पुरेसे झाले. आपल्यापैकी कोणत्या कमिटीत एवढे धैर्य आहे, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. कारण तेलाचे टेबल बंद केले तर डब्यातले अर्पण घटते, हे खजिनदाराला ठाऊक असते.

पाळकसाहेब, यापुढचे थोडे नाजूक आहे, कारण ते आपल्याविषयीच आहे. आमच्या विश्वासाच्या जागी सर्वांत मोठा पर्याय म्हणून आम्ही आपल्यालाच बसवले आहे. घरात कोणाला ताप आला, मुलाखतीचे पत्र आले, सासू-सुनेचे वाजले, की पहिला फोन पाळकांना जातो: "साहेब, जरा प्रार्थनेत ठेवा." आपण ठेवता, याची मला खात्री आहे. पण ज्याने फोन केला तो स्वतः गुडघ्यावर गेला का, हे कोणी विचारत नाही. व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना-ग्रुपचे तर विचारूच नका: एकाने ऑपरेशनची बातमी टाकली की खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते, मग कोणीतरी वाढदिवसाचा केक टाकतो, आणि ती रांग वर सरकून दिसेनाशी होते. चित्र टाकले म्हणजे प्रार्थना झाली, असे आम्ही स्वतःच्या मनाशी ठरवून टाकले आहे.

हे आमच्यात किती खोलवर गेले होते ते 2020 साली उघडे पडले. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली, त्या वर्षीचा उत्तम शुक्रवार 10 एप्रिलला घरात गेला आणि महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे 16 नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. त्या काळात पाळकांनी मोबाइलसमोर उभे राहून, कधी रिकाम्या देवळात, कधी आपल्या बैठकीच्या खोलीत, उपासना घेतल्या. त्या कष्टांबद्दल मंडळीने पुरेसे आभार मानले असे मला वाटत नाही. परंतु कित्येक घरांत रविवारी लिंक आली नाही किंवा नेटवर्क गेले की उपासनाच झाली नाही. कपाटात पवित्र शास्त्र होते, गीतांचे पुस्तक होते, घरात तीन-चार बाप्तिस्मा झालेली, दृढीकरण झालेली माणसे होती. तरी कोणी उघडून एक अध्याय वाचला नाही, कारण 'चालवणारा' नव्हता. एका पिढीपूर्वी मराठी ख्रिस्ती घरात रात्रीच्या जेवणाआधी कौटुंबिक उपासना ही भाकरीइतकी ठरलेली होती. वाचता न येणारी आजी अध्याय नातवाकडून वाचून घ्यायची आणि प्रार्थना स्वतः करायची, आणि ती प्रार्थना शेजारच्या म्हशीपासून दिल्लीच्या सरकारापर्यंत सगळ्यांना सामावून घ्यायची. ती सवय सुटली तेव्हा तिच्या जागी आम्ही पाळकांचा मोबाइल नंबर ठेवला.

साक्षीच्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते उपासनेत उभे राहून सांगण्याच्या, वेळेविषयीही लिहायला हवे, कारण माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान तिथे होते आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. उपासनेत साक्ष द्यायला कोण उभे राहते? ज्याचे काम झाले तो. नोकरी लागली, गाठ साधी निघाली, खटला निकाली निघाला, बारा वर्षांनी पाळणा हलला. या साक्षी खऱ्या आहेत आणि त्या दिल्या पाहिजेत. पण ज्या बाईचा मुलगा अजून व्यसनातून सुटलेला नाही, जिच्या नवऱ्याचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू आहे आणि तरीही जी रोज पहाटे उठून त्याच देवाला हाक मारते, तिच्या हातात माइक कधी जात नाही. तिलाही वाटते की माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. मागच्या बाकावर बसून ती इतरांच्या साक्षी ऐकते आणि आपल्या विश्वासात काय कमी पडले याचा हिशोब करत घरी जाते. मंडळीत देवावर विसंबून जगणारी जर कोणी असेल तर ती हीच. आणि आमची साक्षीची वेळ तिलाच गप्प करते. देव काय देतो ते सांगायला आमच्याकडे जागा आहे, देव अजून दिलेले नसताना त्याला धरून राहणे कसे असते ते सांगायला नाही. मग नव्या पिढीने 'उत्तर' हाच देव मानला तर दोष कोणाला द्यावा? स्तोत्रसंहितेत 13वे स्तोत्र आहे, "किती वेळ?" असे चार वेळा विचारणारे; 88वे तर अंधारातच संपते, शेवटी एकही समाधानाची ओळ न देता. देवाने आपल्या पुस्तकात त्यांना जागा दिली, आपल्या उपासनेत ती क्वचितच मिळते.

आता मिळकतीचा, म्हणजे मंडळीच्या जमीन-इमारतींचा, विषय. तो थोडक्यात सांगता येणार नाही, कारण तो आपल्या इतिहासात रुतलेला आहे. अमेरिकन मिशनरी 1813 साली मुंबईत आले, 1831 साली नगरला त्यांचे ठाणे झाले, आणि पुढच्या शंभर वर्षांत शाळा, वसतिगृहे, दवाखाने, प्रशिक्षण-केंद्रे यांचे जे जाळे उभे राहिले त्यावर आपल्यापैकी बहुतेकांची घराणी उभी आहेत. माझे शिक्षण त्यातच झाले; त्या ऋणाविषयी माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण मिशन हेच मायबाप, हा भावही त्यासोबतच आला. पगार मिशनचा, खोली मिशनच्या कंपाउंडमधली, मुलाची शिफारस साहेबांची. देवावर विसंबण्याची वेळ येण्याआधीच बंगल्यावर जायची सोय होती. नारायण वामन टिळकांनी हे ओळखले होते. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा खुला समुदाय सुरू केला. पुढे दोनच वर्षांनी, मे 1919 मध्ये, ते गेले. त्यांच्या त्या पावलाचे मला अप्रूप आहे, पण एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे: टिळकांच्या बेहिशेबी विश्वासाची किंमत आयुष्यभर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरात मोजली. दुसऱ्याच्या जिवावर देवावर विसंबणे सोपे असते, आणि मराठी ख्रिस्ती घरांतल्या बायकांना हे नव्याने सांगायला नको.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला अधिक शिकवणारे वाटते. 1887 साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदतीची हमी दिली होती, आणि त्या बळावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. हमीची दहा वर्षे सरत आली नेमक्या त्याच वेळी, 1896-97च्या दुष्काळात, त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणायला सुरुवात केली. हिशेबी माणसाने दारे बंद केली असती. रमाबाईंनी केडगावच्या माळावर मुक्ती ही आश्रयसंस्था उभी केली. जॉर्ज म्युलर यांनी ब्रिस्टलमध्ये कोणाकडेही पैसे न मागता, प्रार्थनेवर अनाथालये चालवली हे त्यांनी वाचले होते, आणि हे आपल्या देशात का होऊ नये असा प्रश्न त्यांना पडला होता. पण केडगावला काय काय होते ते विसरू नये: विहिरी खोदलेल्या होत्या, फळबाग होती, गाईगुरे होती, हातमाग होते, तेलघाणा होता, आणि मुलींनी चालवलेला छापखाना होता. परदेशातून पैसाही येत राहिला; 1898 साली त्या स्वतः अमेरिकेला जाऊन आल्या आणि तिथे असोसिएशनची नव्याने घडी बसली. म्हणजे देवावर विसंबणे म्हणजे विहीर न खोदणे नव्हे, पैसा नाकारणेही नव्हे. 1905 साली त्याच केडगावात मुलींचे गट रोज एकत्र जमून प्रार्थना करत होते आणि जूनअखेरीस तिथे ते संजीवन सुरू झाले ज्याची बातमी जगभर गेली. विहीर आणि प्रार्थना या दोन्हींतले काय कशावर उभे आहे, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

आपल्याकडे ते उलटे झाले आहे. मिशन गेले, मिळकत राहिली, आणि मिळकतीने मिशनची जागा घेतली. मासिक सभेची विषयपत्रिका काढून पाहावी: धर्मादाय आयुक्तांकडील चेंज रिपोर्ट, वकिलांची फी, भाडेकरूची नोटीस, कंपाउंडच्या भिंतीवरचे अतिक्रमण, कोणत्या गटाची कमिटी अधिकृत याविषयीची पुढची तारीख. सुरुवातीला प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद असतो, मधल्या अडीच तासांत देवाचे नाव निघालेच तर ते शपथपत्रात. पूर्वजांनी राखलेली जमीन वाऱ्यावर सोडा, असे मी म्हणणार नाही. न्यायालयात जावे लागले तर जावे. परंतु जमीन गेली तर मंडळी संपेल, हे वाक्य मी सभांमध्ये इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते आमच्या विश्वासांगीकारात घालावे असे कधीकधी वाटते. मंडळी कशावर बांधली आहे याविषयी प्रभूने सिटी सर्व्हे नंबर दिलेला नव्हता.

घरातल्या पर्यायांविषयी फार लिहीत नाही. विमा, मुदत ठेव, परदेशात गेलेला मुलगा, ओळखीचा डॉक्टर, यांतले काहीच पाप नाही. आसा राजाने दुखण्यात परमेश्वराचा शोध न करता वैद्यांचा केला, या 2 इतिहास 16 मधल्या ओळीवरून औषधे बंद करायला सांगणारे उपदेशक अधूनमधून येतात, त्यांना कृपा करून पुलपिट देऊ नये. त्या ओळीतला दोष वैद्यांचा नाही, 'परमेश्वराचा शोध न करता' या शब्दांचा आहे. मान्ना (रानात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेले अन्न) दुसऱ्या दिवसासाठी लपवून ठेवला तेव्हा त्यात किडे पडले, पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी देवाच्याच सांगण्यावरून दुप्पट गोळा केला तेव्हा तो चांगला राहिला. यरुशलेमेची भिंत बांधताना नहेम्याने शत्रूंच्या धमक्या ऐकल्यावर देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. पहारा ठेवणाऱ्या माणसाला झोप कशाने लागते, एवढेच शेवटी पाहायचे असते, आणि ते ज्याचे त्याला कळते.

म्हणून कमिट्यांपुढे माझ्या काही विनंत्या आहेत. वचनांच्या चिठ्ठ्या वाटायच्याच असतील तर एका ओळीऐवजी पूर्ण अध्यायाचा संदर्भ छापावा, त्यात आज्ञाही असाव्यात, आणि जानेवारीच्या चार रविवारांत पाळकांनी त्यांतले निदान काही अध्याय त्यांच्या मूळ प्रसंगासह शिकवावेत. तेलाचे टेबल उचलावे. त्याऐवजी वडिलांनी आजाऱ्यांच्या घरी जाण्याची पाळी लावावी आणि तेल त्यांनी बरोबर न्यावे. पाळकसाहेबांना फोन येईल तेव्हा त्यांनी जमेल तिथे फोनवरच विचारावे, "घरात आता कोण कोण आहे? सगळ्यांना जवळ बोलवा, आधी तुम्ही सुरुवात करा." दोन महिने लोक अडखळतील, रागावतीलही, नंतर करू लागतील. महिला मंडळाने आणि तरुण संघाने घरोघरच्या कॉटेज मीटिंगमध्ये त्या घरच्याच माणसाकडून अध्याय वाचून घ्यावा, बाहेरून वक्ता आणू नये. महिन्यातून एका रविवारी साक्षीच्या वेळी ज्यांचे काम अजून झालेले नाही त्यांना बोलवावे आणि त्यांच्या बोलण्याला लगेच तोडगा किंवा उपदेश जोडू नये. विलापाची स्तोत्रे वर्षाच्या पाठ्यक्रमात घ्यावीत, 88वे धरून. आणि कमिटीच्या मासिक सभेचा निम्मा वेळ, न्यायालयाची तारीख उद्यावर आलेली असली तरी, मंडळीतल्या नावानिशी माणसांसाठी प्रार्थनेला द्यावा. मिळकतीचे विषय उरलेल्या वेळात जेवढे होतील तेवढे व्हावेत.

यातली शेवटची विनंती व्यवहार्य नाही असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. तसे असेल तर का, हे कृपया लेखी कळवावे. या पत्रावर कमिटीत चर्चा होऊन काही ठरले तर ठरावाची प्रत मंडळीच्या नोटीस बोर्डावर लावावी, आणि विनंत्या फेटाळल्या गेल्या तर तेही कारणांसह तिथेच लावावे, म्हणजे सभासदांना त्यावर आपापल्या घरी बोलता येईल.

आपली विश्वासू,
मंडळीची एक सभासद